संगणक दृष्टिहीनाचा, किल्ली कुणाची?

दि. 14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्ट या अमेरिकी कंपनीने ‘विंडोज 10’ या कार्यप्रणालीला मिळणारी नेहमीची विनामूल्य सुरक्षा-सेवा थांबविली. नवी ‘विंडोज 11’ घ्यायची, तर संगणकात ‘टीपीएम 2.0’ नावाची सुरक्षा-व्यवस्था आणि कंपनीच्या यादीत बसणारा प्रोसेसर हवा. ज्यांच्या यंत्रात तो नाही, त्यांनी असुरक्षित यंत्र वापरत राहावे, मुदतवाढीसाठी कंपनीच्या अटी मान्य कराव्यात किंवा धडधाकट चालणारे यंत्र भंगारात काढून नवे विकत घ्यावे, असा हा हिशेब आहे. डोळस माणसाला यातून आणखी एक वाट मोकळी असते. त्याच यंत्रात लिनक्ससारखी मुक्त कार्यप्रणाली विंडोजच्या शेजारी बसवायची आणि हवी तेव्हा ही, हवी तेव्हा ती वापरायची. फार तर अर्ध्या दिवसाचे काम! ही वाट दृष्टिहीनांनाही उघडी आहे, असे म्हटले जाते. प्रत्यक्षात मात्र तिच्या तोंडाशीच एक मुका दरवाजा उभा आहे. तो दरवाजा कोणी उभा केला आणि अद्याप तो मुकाच का, हे प्रश्न रोखठोकपणे विचारण्याची वेळ आली आहे.

वाचणारा कोण?

विदर्भातील प्रज्ञाचक्षू संत श्री गुलाबराव महाराज (1881-1915) यांची दृष्टी तान्हेपणीच गेली. तरीही अवघ्या 34 वर्षांच्या आयुष्यात त्यांनी शंभराहून अधिक ग्रंथांची रचना केली. ते इतरांकडून ग्रंथ वाचून घेत आणि स्वतःचे विचार सांगून लिहवून घेत. दृष्टी नसणे हा ज्ञानसाधनेतील अडसर नव्हे, अडसर असतो तो वाचून दाखविणारा नसण्याचा, ही गोष्ट त्या एका जीवनाने सिद्ध केली. महाराजांचे वाचक आणि लेखनिक हे त्यांचे शिष्य, म्हणजे घरचीच माणसे होती.

आजच्या दृष्टिहीन विद्यार्थ्याचा वाचक ‘स्क्रीन रीडर’ नावाचा एक संगणकीय कार्यक्रम असतो. पडद्यावर जे उमटते ते तो आवाजात किंवा ब्रेल पट्टीवर सांगतो. माउसची गरज नाही. सारा कारभार कळफलकावर चालतो. हा वाचक मात्र घरचा नाही. अमेरिकेतील टेड हेन्टर यांनी अपघातात दृष्टी गमावल्यानंतर ‘जॉज’ हा वाचक सिद्ध केला आणि 1995 मध्ये तो विंडोजसाठी आला. तो उत्तम आहे; पण त्याच्या कायमस्वरूपी परवान्याची किंमत भारतात अनेक वर्षे संगणकाच्या किमतीच्याही वर राहिली. 2006 मध्ये ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने ‘एनव्हीडीए’ हा विनामूल्य आणि मुक्त वाचक सुरू केला आणि जगभरातील असंख्य दृष्टिहीनांना परवान्याच्या ओझ्यातून सोडविले. त्याचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु एनव्हीडीए चालतो तो केवळ विंडोजवर. म्हणजे वाचक मुक्त झाला, पण तो राहतो भाड्याच्या घरात. घरमालकाने कुलूप बदलले, की वाचकही बाहेर आणि ऐकणाराही बाहेर.

म्हणूनच दुसऱ्या कार्यप्रणालीचे महत्त्व आहे. लिनक्सवर ‘ऑर्का’ नावाचा वाचक मूळ प्रणालीसोबतच येतो. त्याला वेगळा परवाना लागत नाही. ‘ईस्पीक एनजी’ हा त्याच्यासोबत चालणारा वाणीयंत्रणेचा कार्यक्रम मराठीही बोलतो. उच्चार यांत्रिक आहेत, कानाला गोड नाहीत. पण त्या आवाजावर कुणाची मालकी नाही. जुन्या यंत्रावरही ही प्रणाली चालते. मग दृष्टिहीन माणूस ती सहजपणे का वापरत नाही?

दोन मुके क्षण

कारण संगणकाची कळ दाबल्यापासून स्क्रीन रीडरचा पहिला शब्द ऐकू येईपर्यंत दोन क्षण असे येतात, की ज्या वेळी यंत्र पडद्यावर बरेच काही सांगत असते, पण कानाला काहीच सांगत नाही.

पहिला क्षण यंत्राच्या मूळ मांडणीचा. पूर्वी त्याला ‘बायोस’ म्हणत, आता ‘यूईएफआय’ म्हणतात. पेन ड्राइव्हवरून नवी प्रणाली सुरू करायची असो वा ‘सिक्युअर बूट’ नावाचा पहारा तात्पुरता उठवायचा असो, अनेकदा या मांडणीत शिरावे लागते. स्क्रीन रीडर हा कार्यप्रणालीच्या पोटात चालणारा कार्यक्रम. आणि येथे तर अद्याप कार्यप्रणालीच जागी झालेली नसते. त्यामुळे जगातील बहुतेक साऱ्या संगणकांची ही मांडणी आजही मुकी आहे.

दुसरा क्षण निवडसूचीचा. दोन प्रणाली असलेल्या यंत्रावर ‘ग्रब’ नावाचा कार्यक्रम विचारतो, की विंडोज हवे की लिनक्स? हा प्रश्न काही सेकंद पडद्यावर राहतो आणि उत्तर न मिळाल्यास यंत्र ठरलेल्या प्रणालीकडे निघून जाते. ही सूची उमटताच सूर वाजावा, अशी सोय ग्रबमध्ये आहे. पण ज्या छोट्या अंतर्गत भोंग्यावर तो वाजतो, तो भोंगाच नव्या लॅपटॉपमध्ये बहुधा नसतो. मग दृष्टिहीन वापरकर्ता काय करतो? तो मोजतो. खालचा बाण किती वेळा दाबला म्हणजे विंडोज येते, हे पाठ करून ठेवतो. एखाद्या सुधारणेनंतर सूचीत एक ओळ वाढली वा कमी झाली, की पाठांतर व्यर्थ!

जाणकार यातूनही मार्ग काढतात. बोलणारी प्रणाली चालू असतानाच, ‘पुढच्या वेळी दुसरी सुरू कर’ अशी आज्ञा ते देऊन ठेवतात. तशी सोय लिनक्समध्ये आहे आणि विंडोजमध्येही आहे. त्यामुळे मुक्या सूचीशी गाठच पडत नाही. कोणी मोबाइलचा कॅमेरा पडद्यावर धरून त्याच्याकडून अक्षरे वाचून घेतात. कोणी विंडोजच्याच पोटात ‘आभासी यंत्र’ उभारून त्यात लिनक्स चालवतात. तेथे दोन वाचक एकाच वेळी बोलू लागतात आणि दोघेही एकाच कळीवर हक्क सांगतात, तो गोंधळ निस्तरावा लागतो. शिवाय अशा यंत्रात लिनक्स विंडोजचा पोटभाडेकरूच राहतो. या युक्त्या दृष्टिहीनांच्या बुद्धिमत्तेची साक्ष आहेत. त्या यंत्र बनविणाऱ्यांच्या निष्काळजीपणाचे समर्थन होऊ शकत नाहीत.

ऑगस्ट 2024 चा धडा

आणि या साऱ्या युक्त्या एका दिवसात कशा मातीमोल होतात, हेही जगाने पाहिले आहे. 13 ऑगस्ट 2024 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजसाठी एक सुरक्षा-सुधारणा पाठविली. जुन्या, सदोष ग्रबला रोखणे हा तिचा हेतू. ज्या यंत्रांवर दोन प्रणाली आहेत, त्यांना ती लागू होणार नाही, असे कंपनीने सांगितले होते. प्रत्यक्षात अनेक दुहेरी यंत्रांवर ती लागू झाली. विंडोज पूर्ववत चालू राहिले. लिनक्स निवडताच मात्र पडद्यावर सुरक्षा-धोरणाच्या उल्लंघनाची इंग्रजी ओळ झळकून यंत्र बंद पडू लागले.

डोळस माणसाने ती ओळ वाचली, उपाय शोधला आणि त्याचे काम पुढे सुरू झाले. दृष्टिहीन माणसाच्या दृष्टीने काय घडले? त्याने कळ दाबली, यंत्र सुरू झाले आणि एक शब्दही न बोलता बंद झाले. चकती बिघडली, वीज गेली की आपलेच काही चुकले, हे समजण्याचे कोणतेही साधन त्याच्याजवळ नव्हते. उपाय होता तो ‘सिक्युअर बूट’ काही काळ बंद करण्याचा. म्हणजे पुन्हा त्याच मुक्या मांडणीत शिरण्याचा! दुसऱ्याच्या घरातील कुलूप न विचारता बदलायचे आणि नवी किल्ली अशा ठिकाणी ठेवायची, की जेथे घरधन्याचा हात पोहोचणारच नाही. याला सुरक्षा म्हणायचे असेल, तर ती कुणाची सुरक्षा, हा प्रश्न विचारणे क्रमप्राप्त आहे.

‘हौस’ म्हणून हिणविणाऱ्यांना

यावर ठरावीक उत्तर मिळते. ‘अंध माणसाला दोन-दोन कार्यप्रणाली हव्यात कशाला? ही हौस आहे. एक चालते ना, मग झाले!’ हे उत्तर देणारे बहुधा सुशिक्षित असतात, पुरोगामीही असतात. समावेशकतेवरील परिसंवादात त्यांचे व्याख्यान असते. पण त्यांच्या मनातील दिव्यांग आजही देणगीच्या लॅपटॉपसोबत छायाचित्रात उभा राहणारा लाभार्थीच आहे. तो यंत्राचा स्वामी असू शकतो, अभियंता असू शकतो, ही कल्पना त्यांना शिवत नाही.

त्यांनी पुण्याकडे पाहावे. टी. व्ही. रमण यांची दृष्टी वयाच्या चौदाव्या वर्षी काचबिंदूने गेली. पुण्यात गणिताची पदवी घेऊन, आयआयटी मुंबईत शिकून ते अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात गेले. गणिताची समीकरणे कानाने वाचता यावीत, अशी रचना त्यांनी आपल्या प्रबंधासाठी केली. 1995 मध्ये त्यांनी ‘ईमॅकस्पीक’ हे बोलणारे कार्यपटल सिद्ध केले. ते लिनक्सवर चालते. पडद्यावरची अक्षरे नुसती वाचून न दाखविता त्यांचा संदर्भ सांगणारे हे साधन एका भारतीय दृष्टिहीनाने स्वतःसाठी घडविले आणि जगाला मुक्त करून दिले. एकच बंदिस्त प्रणाली त्यांच्या नशिबी असती, तर हे घडले असते काय? दुसरी प्रणाली ही हौस नव्हे. संगणकशास्त्र शिकणाऱ्या, सर्व्हर सांभाळण्याची नोकरी मागणाऱ्या दृष्टिहीन तरुणासाठी ती उपजीविकेची पायरी आहे. कारण जगातील बहुसंख्य सर्व्हर लिनक्सवरच चालतात.

एटीएम बोलू लागले ते कसे?

दुसरे ठरावीक उत्तर तंत्रज्ञांचे असते: ‘यंत्राच्या मांडणीला वाचा देणे अवघड आहे; ध्वनीची यंत्रणा त्या क्षणी जागी नसते.’ यात तथ्य आहे, पण ते अर्धे. आयफोनमध्ये 2009 पासून वाचक आहे. नवा फोन पेटीतून काढल्यावर तीन वेळा कळ दाबताच तो बोलू लागतो. डेबियन या लिनक्स प्रणालीने 2013 मध्ये आपली स्थापना बोलती केली. पेन ड्राइव्हवरून यंत्र सुरू झाल्यावर ‘एस’ ही कळ आणि एंटर दाबले, की पुढचा प्रत्येक प्रश्न आवाजात विचारला जातो. नव्या आवृत्त्यांत तर काहीही न दाबता काही क्षण थांबले, तरी वाचा आपोआप सुरू होते. डेबियन कोणत्याही कंपनीच्या मालकीची नाही. ती स्वयंसेवकांच्या श्रमांवर उभी आहे. ज्या क्षणी कोणीतरी ‘हे झालेच पाहिजे’ असे ठरवतो, त्या क्षणी ‘अवघड’ हा शब्द मागे पडतो.

भारतातही याचा अनुभव आहे. बँकांची एटीएम यंत्रे कित्येक वर्षे मुकी होती. रिझर्व्ह बँकेने 2009 मध्ये नव्या एटीएमपैकी किमान एक तृतीयांश यंत्रे ब्रेल कळफलकासह बोलती असावीत, असे सांगितले आणि 1 जुलै 2014 पासून बसणाऱ्या सर्वच नव्या यंत्रांना ही अट घातली. निर्मात्यांनी मुकाट्याने ती पाळायला घेतली, कारण ग्राहक मोठा होता आणि आदेश स्पष्ट होता. संगणकाच्या बाबतीत सरकारहून मोठा ग्राहक दुसरा कोणता?

कायद्याची उणीव नाही

2011 च्या जनगणनेनुसार देशात 2.68 कोटी दिव्यांग आहेत आणि त्यांतील 50 लाखांहून अधिक दृष्टीबाबतचे. त्यांच्यासाठी 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आहे. त्याच्या 42 व्या कलमात दैनंदिन वापराची इलेक्ट्रॉनिक साधने सार्वत्रिक रचनेची असावीत, यासाठी शासनाने उपाय करावेत, असे म्हटले आहे. भारतीय मानक ब्युरोने 2021 व 2022 मध्ये ‘आयएस 17802’ हे माहिती-तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेचे मानक दोन भागांत प्रसिद्ध केले. 8 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात सुगम्यतेचे नियम केवळ शिफारशींच्या स्वरूपात ठेवणे कायद्याशी विसंगत ठरविले आणि बंधनकारक नियम करण्यास सांगितले. 30 एप्रिल 2025 रोजी त्याच न्यायालयाने डिजिटल सुगम्यता ही घटनेच्या 21 व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे स्पष्ट केले. 2015 मध्ये ‘सुगम्य भारत अभियान’ सुरू झाले, ‘दिव्यांग’ हा सन्मानाचा शब्द रूढ झाला. हे परिवर्तन निश्चितच स्वागतार्ह आहे. परंतु शब्दाला व्यवहाराचे पाठबळ मिळाले नाही, तर तो शोभेचा राहतो. कार्यालयाच्या दाराशी उतार बांधणारे प्रशासन त्याच कार्यालयासाठी मुक्या मांडणीचे शेकडो संगणक डोळे मिटून खरेदी करते, तेव्हा दृष्टिहीन नेमके कोण, असा प्रश्न पडतो.

स्वदेशी म्हणजे किल्ली आपल्या हाती

येथे प्रश्न केवळ सेवेचा राहत नाही, तो स्वदेशीचा होतो. जुलै 2025 मध्ये युरोपीय संघाच्या निर्बंधांचे निमित्त होऊन मायक्रोसॉफ्टने नायरा एनर्जी या गुजरातेतील वाडीनार येथे तेलशुद्धीकरण कारखाना चालविणाऱ्या कंपनीच्या सेवा अचानक रोखल्या. कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली आणि काही दिवसांत सेवा पूर्ववत झाल्या. जेथे एवढ्या मोठ्या उद्योगाची ही गत, तेथे एका दृष्टिहीन शिक्षकाची काय कथा? किल्ली परक्या हाती असली, की भाडे कितीही नियमित भरले तरी घर आपले होत नाही.

मात्र लिनक्सचे नाव घेतले म्हणजे काम संपले, असे समजणे हीदेखील फसगतच ठरेल. ऑर्काच्या विकासाला बळ देणारी सन मायक्रोसिस्टिम्स ही कंपनी 2010 मध्ये ओरॅकलने घेतली आणि सुगम्यतेचे काम करणाऱ्यांना नारळ मिळाला. ऑर्काचे प्रमुख विकसकही त्यांत होते. वाचक जगला, कारण त्याची संहिता मुक्त होती आणि इतरांनी ती उचलून धरली. 2023 मध्ये जर्मनीच्या सार्वजनिक निधीने ‘नोम’ या लिनक्स कार्यपटलाला 10 लाख युरो दिले. त्यातील काही भाग सुगम्यतेच्या कामासाठी होता. जर्मनी हे धर्मादाय म्हणून करीत नाही. आपल्या राष्ट्राचा संगणकीय पाया आपल्या हाती असावा, हा त्यामागील विचार आहे आणि म्हणूनच त्या निधीच्या नावात सार्वभौमत्व हा शब्द आहे.

भारताने याबाबतीत काहीच केलेले नाही, असे नाही. सी-डॅकने 2007 मध्ये डेबियनवर आधारित ‘बॉस’ ही भारतीय कार्यप्रणाली दिली. 2015 मध्ये केंद्र सरकारने मुक्त सॉफ्टवेअरचे धोरण जाहीर केले. 2023 मध्ये संरक्षण मंत्रालयाने ‘माया’ प्रणालीकडे पाऊल टाकले. भारतीय भाषांच्या वाणीसाठी ‘भाषिणी’ उभी आहे. पण हे सारे धागे दृष्टिहीनाच्या मेजावर एकत्र येत नाहीत. आणि राष्ट्रीय विचारांच्या माणसांनीही एक गोष्ट मनाशी घ्यावी. केरळच्या शाळांत संगणकशिक्षण मुक्त प्रणालीवर चालते, म्हणून हा विषय डाव्यांचा, असे म्हणून अनेकांनी तो सोडून दिला. ज्ञान विकायचे नसते, वाटायचे असते, हा संस्कार मार्क्सच्या पोथीतून आलेला नाही. तो या भूमीतील गुरुकुलांचा आहे. स्वतःचा वारसा परक्याच्या नावावर करून देण्याइतके औदार्य बरे नव्हे!

करावयाचे काय?

मागणी स्पष्ट हवी. सरकारी खरेदीत येणाऱ्या प्रत्येक संगणकाची सुरुवातीची मांडणी आणि निवडसूची दृष्टिहीन व्यक्तीला डोळस मदतीविना हाताळता आलीच पाहिजे, ही अट निविदेत घालावी. एटीएमच्या वेळी केले तसे तारीख ठरवून करावे. ‘बॉस’ आणि ‘माया’ यांची प्रत्येक आवृत्ती प्रसिद्ध होण्यापूर्वी दृष्टिहीन परीक्षकांनी कळ दाबण्यापासून शेवटपर्यंत एकट्याने बसवून पाहावी. ऑर्का आणि मराठीसह सर्व भारतीय भाषांच्या मुक्त वाणीसाठी सार्वजनिक निधी असावा.

सारे सरकारवर सोपवून मोकळे होणे हे मात्र स्वयंसेवी वृत्तीला शोभणारे नाही. ‘सक्षम’सारख्या संघटना दिव्यांगांमध्ये काम करीत आहेत. शहरोशहरी संगणक अभियंते कार्यकर्ते आहेत. त्यांनी महिन्यातील एक रविवार द्यावा. विंडोज 10 सुटल्यामुळे अडगळीत पडलेली चालती यंत्रे गोळा करावीत, दृष्टिहीन विद्यार्थ्याला शेजारी बसवून त्यावर दुसरी प्रणाली बसवावी. आणि मुख्य म्हणजे ती त्याच्यासाठी बसवून देऊ नये, त्याच्या हातून बसवून घ्यावी. कळफलक त्याच्यापुढे, मुक्या क्षणी शब्द कार्यकर्त्याचे. सुधारणेपूर्वी माहितीची प्रत कशी ठेवावी, पुढच्या वेळी कोणती प्रणाली सुरू व्हावी हे आधीच कसे सांगून ठेवावे, एवढे शिकविले तरी तो विद्यार्थी उद्या दहा जणांना शिकवील.

पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी सांगितलेला अंत्योदय म्हणजे रांगेतील शेवटच्या माणसाच्या ओंजळीत काहीतरी टाकणे नव्हे; त्याला स्वतःच्या पायावर उभे करणे होय. दृष्टिहीन माणूस दयेचा लॅपटॉप मागत नाही. आपल्या यंत्राच्या दाराशी आपणच उभे राहावे आणि कोणता दरवाजा उघडायचा हे आपणच ठरवावे, एवढीच त्याची मागणी आहे. ज्या समाजाने दृष्टी नसलेल्याला ‘प्रज्ञाचक्षू’ म्हटले, त्या समाजाला ही मागणी पूर्ण करणे अवघड वाटता कामा नये.